समानता, सहनमर्यादा आणि क्रमवारी : गोल्डबर्ग यांच्या निबंधाचे डेटाबेसच्या अंगाने पुनर्वाचन

प्रास्ताविक

मार्च १९९१ मध्ये 'एसीएम कॉम्प्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात डेव्हिड गोल्डबर्ग यांचा फ्लोटिंग पॉइंट अंकगणितावरील निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक संगणकशास्त्रज्ञाला या अंकगणिताविषयी काय ठाऊक असले पाहिजे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. गोल्डबर्ग त्या वेळी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात होते. विल्यम कहान यांनी १९८८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स येथे दिलेल्या व्याख्यानांतून या निबंधाची प्रेरणा मिळाल्याचे त्यांनी नमूद केले आहे. कहान हे १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाचे प्रमुख शिल्पकार असून १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना लाभले. मानकाचा अर्थ सामान्य प्रोग्रामरपर्यंत पोहोचविणारे पहिले सविस्तर भाष्य म्हणून या निबंधाचे स्थान निर्विवाद आहे.

तथापि ज्या ग्रंथांचा उल्लेख फार होतो त्यांचे वाचन बहुधा कमी होते, आणि हा निबंधही त्यास अपवाद नाही. त्याच्या नावावर एक उपदेश सर्वत्र सांगितला जातो : दोन फ्लोटिंग पॉइंट संख्या कधीही थेट समान आहेत का असे पाहू नये, त्यांतील फरक एखाद्या अतिसूक्ष्म संख्येहून कमी आहे का एवढेच पाहावे. पाठ्यपुस्तके, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि मौखिक परीक्षा या तिन्ही ठिकाणी हे वाक्य अंतिम सत्य म्हणून स्वीकारले गेले आहे. गणना करून उत्तर छापणाऱ्या प्रोग्रामपुरता हा उपदेश निभावून जातो. डेटाबेसमध्ये मात्र संख्या मोजून सोडून दिली जात नाही. ती साठविली जाते, शोधली जाते, तिच्यावर गट पाडले जातात आणि यादी लावली जाते. या कामांना तो उपदेश लागू केला असता दोष दुरुस्त होत नाही, उलट अधिक खोल जातो. प्रस्तुत लेखात गोल्डबर्ग यांच्या निबंधाचा याच अंगाने परामर्श घेतला आहे.

दिसणारी संख्या आणि असणारी संख्या

दशमान पद्धतीत ०.१ ही अगदी साधी संख्या आहे. द्विमान पद्धतीत तिचा विस्तार संपत नाही, जसा दशमान पद्धतीत एक-तृतीयांशाचा संपत नाही. दुहेरी अचूकतेच्या ६४ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांकासाठी असतात. गृहीत धरलेला अग्रस्थानचा एक बिट मिळून अचूकता ५३ बिटांची होते. या चौकटीत ०.१ च्या सर्वांत जवळची जी संख्या बसते ती ०.१००००००००००००००००५५५ अशी सुरू होते. फरक क्षुद्र आहे. परंतु ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी समान आहे का, असे विचारले असता यंत्र 'नाही' असे उत्तर देते, कारण बेरीज ०.३००००००००००००००००४ च्या शेजारी नव्हे, तर ०.३०००००००००००००००४ च्या जवळ जाऊन पडते. सोळा-आधारी रूपात हे दोन आकडे लिहिले तर शेवटच्या स्थानी एकात ३ व दुसऱ्यात ४ दिसतो. बाकी सर्व अंक तेच. म्हणजे ही दोन मूल्ये एकमेकांच्या अगदी लगतची शेजारी आहेत, पण शेजारी आहेत, एक नाहीत.

यंत्राचे हे उत्तर चूक नाही. ते विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर आहे. घोटाळा होतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरीच संख्या असल्यामुळे. कित्येक वर्षे बहुतेक डेटाबेस प्रणाली दुहेरी अचूकतेची संख्या १५ सार्थ अंकांपर्यंतच छापत असत. पंधरा अंकांत वरील दोन्ही मूल्ये ०.३ अशीच दिसतात. पडद्यावर दोन ओळींत ०.३ आणि ०.३; मात्र दोहोंची समानता तपासणारी क्वेरी रिकामी परत येते. गोल्डबर्ग यांनी दशमान रूपात छापून पुन्हा द्विमान रूपात आणताना मूल्य जसेच्या तसे परत मिळावे यासाठी एकेरी अचूकतेस ९ व दुहेरी अचूकतेस १७ अंक लागतात, हे सप्रमाण मांडले आहे. निबंधातील डेटाबेस व्यावसायिकांच्या सर्वाधिक उपयोगाचा भाग कोणता असे विचारले, तर हाच होय. दुर्दैवाने तोच कमी उद्धृत केला जातो.

पोस्टग्रेस्क्यूएल या प्रणालीने २०१९ मधील १२ व्या आवृत्तीत ही रीत बदलली. उल्फ अ‍ॅडम्स यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या 'र्यू' या पद्धतीच्या आधारे, मूल्य निःसंदिग्धपणे परत मिळेल असे सर्वांत आखूड दशमान रूप ती प्रणाली तेव्हापासून छापते. त्या बदलानंतर अनेकांना आपल्या जुन्या कोष्टकांत एकाएकी ०.३०००००००००००००००४ सारखे आकडे दिसू लागले आणि नव्या आवृत्तीनेच माहिती बिघडविली असा समज होणे स्वाभाविक होते. वस्तुतः माहिती पूर्वीपासून तशीच होती. फक्त झाकण निघाले. दोषशोधनाच्या दृष्टीने हा बदल अत्यंत स्वागतार्ह मानावा लागतो.

याच प्रकारातील आणखी एक उदाहरण प्रत्यक्ष कामात वारंवार आढळते. एकेरी अचूकतेच्या स्तंभात ०.१ हे मूल्य भरले आणि त्याच स्तंभात ०.१ शोधले, तर ओळ सापडत नाही. एकेरी अचूकतेतील ०.१ हे खरे तर ०.१०००००००१४९ च्या आसपास असते, क्वेरीतील ०.१ मात्र दुहेरी अचूकतेत वाचला जातो, आणि तुलना दुहेरी अचूकतेत होते. स्तंभ पाहावा तर त्यात ०.१ छापलेला दिसतो. अशा वेळी ०.५ शोधून पाहणारा गोंधळात पडतो, कारण ०.५ सापडतो. दोनाच्या घाताने भागून मिळणाऱ्या अशा संख्या दोन्ही अचूकतांत नेमक्या बसतात. 'कधी चालते, कधी चालत नाही' अशी तक्रार ज्या दोषांबद्दल येते, त्यांतील पुष्कळांचे मूळ इतके साधे असते.

सहनमर्यादेचा उपदेश

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. थेट तुलना नको, सहनमर्यादा ठेवावी, हा उपदेश गोल्डबर्ग यांचा म्हणून सांगितला जातो. निबंधात प्रत्यक्षात काय आहे? भाषा व कंपायलर यांच्या चर्चेत गोल्डबर्ग यांनी एक छोटा प्रोग्राम दिला आहे. त्यात ३.० भागिले ७.० हा भागाकार एका चलात ठेवला जातो आणि लगेच त्या चलाची तुलना पुन्हा ३.० भागिले ७.० याच पदावलीशी केली जाते. विस्तारित अचूकता वापरणाऱ्या यंत्रावर हा प्रोग्राम 'असमान' असे उत्तर देऊ शकतो, कारण एक मूल्य साठविताना आखडले गेले आणि दुसरे रजिस्टरमध्ये लांबच राहिले. या विसंगतीवर उपाय म्हणून काही जण सहनमर्यादा सुचवितात, असे नोंदवून गोल्डबर्ग तो उपाय रामबाण नसल्याचे स्पष्ट करतात. मर्यादा किती ठेवावयाची? एक संख्या ऋण आणि एक धन असून त्या मर्यादेच्या आत असतील तर त्यांना समान म्हणावयाचे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असा संबंध संक्रामक नसतो : पहिली संख्या दुसरीजवळ व दुसरी तिसरीजवळ असली, तरी पहिली तिसरीजवळ असेलच असे नाही. ज्या निबंधाच्या नावावर हा उपदेश खपविला जातो, त्याच निबंधात त्याचे खंडन आहे. मराठीत यालाच आधार उलटा लावणे म्हणतात.

गोल्डबर्ग हा आक्षेप काही वाक्यांत नोंदवून पुढे जातात. निबंधाचा विषय गणना हा असल्याने ते समजण्यासारखे आहे. परंतु डेटाबेसच्या दृष्टीने तीच काही वाक्ये संपूर्ण निबंधाचा गाभा ठरावीत, इतकी ती महत्त्वाची आहेत. एक उदाहरण घेऊ. सहनमर्यादा ०.०१ आहे आणि तीन मूल्ये ५९.९८५, ५९.९९२ व ५९.९९९ अशी आहेत. पहिल्या दोहोंत फरक ०.००७, पुढच्या दोहोंतही ०.००७, म्हणून पहिले दुसऱ्याशी समान आणि दुसरे तिसऱ्याशी समान. पहिले व तिसरे यांत मात्र ०.०१४ चा फरक. म्हणून ती असमान. या तीन ओळींचे गट पाडावयाचे झाल्यास किती गट होतील? मधली ओळ आधी वाचली तर एक गट, कडेची आधी वाचली तर दोन. उत्तर माहितीवर अवलंबून न राहता वाचनाच्या क्रमावर अवलंबून राहते, आणि संबंधात्मक डेटाबेसच्या सिद्धांतात ओळींना क्रमच नसतो. सिद्धांताच्या पायालाच हा धक्का आहे.

इंडेक्सच्या बाबतीत परिणाम अधिक गंभीर होतो. बहुतेक प्रणालींचा इंडेक्स बी-ट्री या रचनेचा असतो. शोध घेताना प्रत्येक पायरीवर एका मूल्याशी तुलना करून डावीकडे किंवा उजवीकडे जावयाचे, हे त्याचे तत्त्व. टाळलेली फांदी पुन्हा पाहिली जात नाही. म्हणून तुलनेने दिलेली सर्व उत्तरे परस्परांशी सुसंगत असलीच पाहिजेत. एक उत्तर जरी विसंगत निघाले, तरी ओळ चुकीच्या फांदीत जाऊन बसते. त्यानंतर संपूर्ण कोष्टक ओळीने वाचले तर ती ओळ दिसते, इंडेक्सच्या वाटेने शोधली तर दिसत नाही. एकाच क्वेरीची दोन उत्तरे मिळणे हे या दोषाचे खास लक्षण असून, इंडेक्स वापरू न देता तीच क्वेरी पुन्हा चालविणे ही त्याची पहिली चाचणी होय.

स्मृतीतील सॉर्टची स्थिती निराळी नाही. जावा भाषेच्या २०११ मधील सातव्या आवृत्तीत सॉर्टची पद्धत बदलण्यात आली. नवी पद्धत विसंगत तुलना ओळखू शकली तर तुलनेच्या कराराचा भंग झाल्याचा अपवाद उभा करते. वर्षानुवर्षे मुकाट्याने चुकीच्या याद्या लावणारे प्रोग्राम त्यामुळे एकाएकी थांबू लागले. जुनी पद्धत परत आणण्याची एक सोय जावामध्ये ठेवलेली होती आणि तिचा आश्रय घेऊन तक्रार मिटविण्याचा सल्ला सर्रास दिला गेला. साक्षीदाराला गप्प करून खटला निकाली काढण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल. सी भाषेत दोन संख्यांची वजाबाकी पूर्णांकात आखडून तिचे चिन्ह परत करण्याची लकबही अशीच घातक आहे; ०.४ चा फरक त्यात शून्य होतो आणि सहनमर्यादा न मागताच येऊन बसते.

क्रमाबाहेरचे मूल्य

शून्य भागिले शून्य यासारख्या क्रियेतून निघणारे 'नॅन', म्हणजे 'संख्या नव्हे' असे मूल्य, हा दुसरा प्रश्न. मानकानुसार ते कोणत्याही मूल्याशी, स्वतःशीदेखील, समान नसते. लहान किंवा मोठेही नसते. गोल्डबर्ग यांनी याचा परिणाम अचूक ओळखला आहे. नॅनमुळे संख्यांचा क्रम पूर्ण न राहता आंशिक होतो असे सांगून, तुलनेचे कार्य लहान, समान, मोठे व 'क्रमहीन' अशी चार उत्तरे देणारे असावे, असे ते सुचवितात. गणनेच्या जगात ही सूचना सुज्ञपणाची आहे. परंतु सॉर्टला चौथे उत्तर घेताच येत नाही. प्रत्येक ओळ कुठेतरी ठेवावीच लागते. यादीत 'कुठेही नाही' असे स्थान नसते.

म्हणून डेटाबेस प्रणालींना मानकापासून दूर जावे लागले, आणि त्या वेगवेगळ्या दिशांनी गेल्या. पोस्टग्रेस्क्यूएलच्या दस्तऐवजात हे मोकळेपणाने सांगितले आहे की, नॅन स्वतःशी समान नाही असे मानक म्हणत असले, तरी सॉर्ट व झाडरूप इंडेक्स शक्य व्हावेत यासाठी ही प्रणाली सर्व नॅन परस्परांशी समान आणि इतर सर्व संख्यांहून मोठे मानते. एसक्यूलाइट नॅन साठवीतच नाही. त्याच्या जागी नल ठेवते. पुढे नलच्या क्रमातही दोन्ही प्रणालींची रीत उलट आहे. चढत्या क्रमात एसक्यूलाइट नलला आरंभी ठेवते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये नॅन संख्यांच्या शेवटी जातो. त्यामुळे तीच माहिती, तीच क्वेरी, आणि सदोष मोजमापाची ओळ एका ठिकाणी यादीच्या शिरोभागी तर दुसऱ्या ठिकाणी तळाशी. सरासरी काढताना एक प्रणाली नलला वगळून आकडा देते, तर दुसरीत एका नॅनने संपूर्ण सरासरी नॅन होते. दुसरे वर्तन त्रासदायक वाटले तरी अधिक प्रामाणिक आहे, कारण सदोष मूल्य त्यात गुपचूप गळून जात नाही.

मानकाच्या २००८ मधील आवृत्तीत अखेर एक 'संपूर्ण क्रम' सांगणारी क्रिया समाविष्ट झाली. तिच्यात ऋण शून्य धन शून्याच्या आधी येते आणि नॅनलाही चिन्हानुसार दोन्ही टोकांना जागा मिळते. तेवीस वर्षांनी का होईना, सॉर्टची गरज मानकाने मान्य केली, असे म्हणता येईल. पण ही क्रिया नेहमीच्या तुलनेची जागा घेऊ शकत नाही, कारण नेहमीच्या तुलनेत ऋण शून्य व धन शून्य समान आहेत. ही बाब हॅशच्या वेळी उपद्रव देते. समान मूल्यांचा हॅश समान असलाच पाहिजे. दोन शून्यांचे बिट मात्र भिन्न असतात. पोस्टग्रेस्क्यूएलच्या हॅश फलनात दोन्ही शून्यांना एकच हॅश देण्याची खबरदारी पूर्वीपासून होती. नॅनचे बिटही एकाहून अधिक प्रकारचे असू शकतात ही बाजू मात्र तेथे २०२१ मध्ये दुरुस्त झाली. एवढ्या काळजीने लिहिलेल्या आणि इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या प्रणालीत हे राहून जावे, यावरून विषयाची निसरडी जात लक्षात यावी.

सहनमर्यादेशिवायही समानतेची साखळी तुटू शकते, हे तर फारसे कोणी सांगतच नाही. दुहेरी अचूकतेत २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक नेमके बसतात. पुढचा पूर्णांक, ज्याच्या शेवटी ९९३ येते, तो बसत नाही. त्याचे रूपांतर पुन्हा ९९२ वरच येऊन थांबते. परिणामी ६४ बिटांच्या पूर्णांक स्तंभातील हे दोन लगतचे क्रमांक परस्परांशी असमान असले, तरी रूपांतर करून तुलना केल्यास दोन्ही त्याच एका फ्लोटिंग पॉइंट मूल्याशी समान ठरतात. दीर्घ ओळखक्रमांकांचे दोन स्तंभ, एक पूर्णांक व एक फ्लोटिंग, जोडणाऱ्या क्वेरीत त्यामुळे एका ओळीस दोन जोडीदार मिळू शकतात. एसक्यूलाइटमध्ये एकाच स्तंभात दोन्ही प्रकारची मूल्ये राहू शकत असल्याने ती प्रणाली असे सरळ रूपांतर न करता पूर्णांक व फ्लोटिंग यांची काटेकोर तुलना करते. हा मार्ग अनुकरणीय आहे.

बेरजेचा क्रम आणि गुणवत्तायादी

या चर्चेचे व्यावहारिक मोल काय, असा प्रश्न संगणकेतर विषयाच्या अध्यापकास पडू शकेल. समजा, एका प्रवेशयादीत तीन घटकांचे भारांकित गुण आहेत. सोयीसाठी आकडे लहान घेऊ. एका विद्यार्थिनीस अनुक्रमे ०.१, ०.२ व ०.३ मिळाले, दुसरीस ०.३, ०.२ व ०.१. बेरीज दोघींची ०.६. नियम असा की गुण समान असतील तर वयाने मोठ्या उमेदवारास प्राधान्य. यंत्रात पहिलीची बेरीज ०.६००००००००००००००१ येते, दुसरीची ०.६. कारण फ्लोटिंग पॉइंट बेरजेला साहचर्याचा नियम लागू नाही. आधी काय मिळविले यावर शेवटचा बिट ठरतो. दुसरी विद्यार्थिनी वयाने मोठी असली तरी यादीत ती मागे जाते. वयाच्या निकषापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही, कारण यंत्राच्या लेखी बरोबरी झालेलीच नसते. प्रसिद्ध होणाऱ्या यादीत दोघींपुढे ०.६० छापलेले असते. तिने नियमावर बोट ठेवून दाद मागितली, तर कार्यालयाजवळ दाखविण्यासारखे कारण नसते. आणि प्रोग्राम तपासणाऱ्यास क्वेरीतही चूक दिसत नाही, कारण आधी गुण व मग वय हा क्रम तिने बिनचूक लिहिलेला असतो.

हा क्रम प्रोग्रामरच्या हाती असतोच असे नाही. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून एक बेरीज अनेक प्रक्रियांत वाटून करता येते. कोणत्या प्रक्रियेच्या वाट्यास कोणत्या ओळी येतील हे दर वेळी वेगळे असू शकते, म्हणून तीच क्वेरी दोनदा चालविली असता बेरजेचा शेवटचा अंक बदलू शकतो. अशा बेरजेवर क्रमवारी लावून यादी पानापानांनी दाखविली, तर काठावरची ओळ दोन पानांवर येते किंवा कोणत्याच पानावर येत नाही. वापरणाऱ्यास ओळ हरवली असे वाटते. कोष्टकात ती सुरक्षित असते.

जुन्या इंटेल प्रोसेसरांवर याहून विचित्र स्थिती होती. त्यांच्या अंकगणिती रजिस्टरांची रुंदी ८० बिट असून स्मृतीत साठविताना मूल्य ६४ बिटांवर येई. म्हणून एकच तुलना मूल्य रजिस्टरमध्ये आहे की स्मृतीत यावर भिन्न उत्तर देऊ शके. जीसीसी कंपायलरच्या दोषनोंदवहीतील ३२३ क्रमांकाची, २००० साली केलेली नोंद याच विषयाची असून, हा कंपायलरचा दोष की यंत्राचा स्वभाव यावर तेथे दीर्घकाळ वाद चालला. दोष शोधण्यासाठी मूल्य छापण्याची एक ओळ घालावी, तर छापण्यासाठी मूल्य स्मृतीत जाई आणि दोष नाहीसा होई. गोल्डबर्ग यांच्या ३.० भागिले ७.० च्या उदाहरणातील भाकीत असे तंतोतंत खरे ठरले. ६४ बिटांच्या प्रोसेसरांवर रजिस्टरांची नवी व्यवस्था रूढ झाल्यावर हा प्रकार बराच मावळला. परंतु त्या काळात बांधलेल्या धारणा, विशेषतः फ्लोटिंग पॉइंटची तुलना म्हणजे दैवाचा खेळ ही धारणा, मागे उरली.

उपाय आणि त्यांची किंमत

दशमान प्रकार वापरावा, हा प्रचलित सल्ला पैसे, गुण, वजने यांसाठी योग्य आहे. मात्र प्रकाराच्या नावावर विसंबून चालत नाही. मायएसक्यूएलमध्ये २००५ पर्यंत दशमान स्तंभावरील गणित आतून फ्लोटिंग पॉइंटमध्येच होत असे, ५.० या आवृत्तीत काटेकोर दशमान गणित आले. शिवाय एक-तृतीयांश दशमान प्रकारातही बसत नाही, आणि सरासरी किंवा टक्केवारी निघताच राउंडिंग अटळ होते.

सहनमर्यादेस खरा पर्याय आहे तो तुलनेपूर्वी, साठविण्याच्या क्षणीच, जाहीर नियमाने मूल्य ठराविक स्थानांपर्यंत राउंड करून दशमान अथवा पूर्णांक प्रकारात ठेवण्याचा. राउंडिंगही जवळच्या मूल्यांना एकत्र आणते, परंतु ते संख्यारेषेचे निश्चित कप्पे पाडते. एका कप्प्यातील सर्व मूल्ये परस्परांशी समान, आणि ही समानता संक्रामक असते. इंडेक्स, गट व क्रमवारी तिच्यावर निर्धास्तपणे उभी राहू शकते. तिचीही किंमत आहे. कप्प्याच्या सीमेवरील दोन अगदी जवळची मूल्ये विभागली जातात. फ्लोटिंग पॉइंटमधील २.६७५ दोन स्थानांपर्यंत राउंड केल्यास २.६८ ऐवजी २.६७ मिळते, कारण साठविलेले मूल्य २.६७५ हून किंचित कमी आहे. म्हणून फ्लोटिंगमध्ये गणना करून अखेरीस राउंड करण्यापेक्षा गणनाच आरंभापासून दशमान प्रकारात करणे इष्ट. पण ही किंमत नियमावलीत लिहून ठेवता येते आणि विचारणाऱ्यास दाखविता येते. सहनमर्यादेची किंमत दाखविता येत नाही, कारण ती प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीस मोजावी लागते.

तुलनेचा नियम हा साठविलेल्या माहितीचाच भाग असतो, हे तत्त्व केवळ संख्यांपुरते नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील जीलिबसी या ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत मजकुराच्या क्रमवारीचे नियम बदलले. जुन्या नियमाने बांधलेले मजकुराचे इंडेक्स नव्या नियमाने वाचले जाऊ लागताच अनेक ठिकाणी असलेल्या ओळी सापडेनाशा झाल्या आणि इंडेक्स नव्याने बांधावे लागले. एकही अक्षर बदलले नव्हते. गोल्डबर्ग यांच्या निबंधात तुलना ही क्षणापुरती क्रिया आहे : विचारली, उत्तर मिळाले, संपली. डेटाबेसमध्ये तिचे उत्तर इंडेक्सच्या रचनेत कोरले जाते आणि वर्षांनंतरच्या तुलनेने त्याच्याशी जुळावे लागते. निबंधाची मर्यादा नेमकी येथे आहे. तो दोष लेखकाचा नव्हे. १९९१ मधील या निबंधास सर्व कामांसाठी पुरेसा मानणाऱ्यांचा आहे.

अध्यापनात याची दखल घेणे कठीण नाही. प्रात्यक्षिकांसाठी दिल्या जाणाऱ्या नमुना कोष्टकांत बहुधा ७२.५, ६८.२५, ०.५ असे आकडे असतात. हे सर्व द्विमान पद्धतीत नेमके बसतात; त्यांच्यावरील समानता, गट व क्रमवारी यांच्या क्वेरी नेहमी बरोबर उत्तर देतात आणि विद्यार्थी प्रात्यक्षिक पूर्ण करून बाहेर पडतो. त्याच कोष्टकातील एका स्तंभात ०.१, ०.२ व ०.३ घातले, त्यांच्या बेरजेवर क्रमवारी लावावयास सांगितली आणि उत्तर १७ अंकांत छापण्याची अट घातली, तर वरील बहुतेक चर्चा एका तासिकेत त्याच्या डोळ्यांसमोर येते. गोल्डबर्ग यांच्या निबंधातील सहनमर्यादेच्या खंडनाचा परिच्छेद त्या तासिकेपूर्वी नव्हे, तर नंतर वाचावयास द्यावा.